साडू, गाईड आणि बागायतदार : छोट्या अनुदान समितीत परीक्षकांचे हितसंबंध कसे हाताळावेत

रत्नागिरीत बसून हापूसवरच्या फुलकिडीचा प्रस्ताव तपासायला कोणाकडे पाठवायचा, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला वाटतो तितका सोपा नाही. विषय जाणणारी माणसं मोजकी. त्यातली बरीचशी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलेली, नाहीतर तिथे शिकवलेली, नाहीतर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात कधीतरी एकत्र काम केलेली. एकाचा पीएचडीचा गाईड दुसऱ्याच्या गाईडचा विद्यार्थी. मासळीचा विषय काढा, की शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाभोवती तेच चित्र. शिवाय सोयरीक आहेच. अर्जदाराची आत्या परीक्षकाच्या वाडीत दिलेली असते आणि शिमग्याला दोघं एकाच पालखीला खांदा देतात.

किनारपट्टीवरच्या संशोधनाला छोटी अनुदानं देणाऱ्या एका न्यासाच्या तज्ज्ञ समितीची मी सदस्य सचिव आहे. आमची रक्कम मोठी नसते. पण तालुक्याच्या महाविद्यालयातल्या एखाद्या प्राध्यापिकेला खाडीच्या पाण्याची क्षारता मोजायचं यंत्र घ्यायला आणि एका विद्यार्थिनीला हंगामभर फील्डवर ठेवायला ती पुरते. अशा माणसाला दुसरीकडे दार उघडणं कठीण असतं, म्हणून हा पैसा ओळखीवर जाता कामा नये याबद्दल मी हट्टी आहे. माझ्यासारखं काम कोणाकडे नव्याने आलं असेल, महाविद्यालयाच्या संशोधन कक्षात किंवा एखाद्या प्रतिष्ठानात, तर त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मान्य करून टाका. कोकणात अजिबात संबंध नसलेले परीक्षकच हवेत म्हणाल, तर समिती बसणारच नाही. म्हणून माझं सगळं काम दोन गोष्टींभोवती फिरतं. प्रस्ताव उघडण्याआधी नातं कागदावर यायला हवं, आणि कुठल्या नात्यामुळे कोण कुठल्या कामातून बाजूला होणार, हे नावं कळण्याआधी ठरलेलं हवं. नावं कळल्यावर नियम करायला बसलात, तर समोरचा माणूस बघून नियम वाकतो.

अर्ज मागवतानाच नाती मागवा

बहुतेक समित्या फक्त परीक्षकाकडून स्वयंघोषणा घेतात. अर्जदाराकडूनही घ्या. अमेरिकेतली नॅशनल सायन्स फाउंडेशन अर्जदाराकडूनच ठरलेल्या तक्त्यात यादी भरून घेते : गेल्या ४८ महिन्यांतले सहलेखक आणि सहकारी, आणि पीएचडीचे गाईड व आपल्या हाताखाली पीएचडी केलेले विद्यार्थी. गाईड-विद्यार्थी नात्याला तिथे मुदतच नाही, ते आयुष्यभर धरलं जातं. मला हे पटतं. आपल्याकडे गाईडला माणूस निवृत्तीनंतरही वाकून नमस्कार करतो. तीन वर्षांनी ते नातं संपलं असं मानण्यात अर्थ नाही.

त्याच देशातली नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ सहकाऱ्यांसाठी तीन वर्षांची मुदत धरते आणि प्रस्तावातून थेट मिळणारा कितीही फायदा, किंवा अर्जदाराकडून वा त्याच्या संस्थेकडून एरवी वर्षाला १०,००० डॉलरपेक्षा जास्त आर्थिक फायद्याची शक्यता असेल, तर तो खरा हितसंघर्ष मानते. तिच्या नियमांत जवळचे नातेवाईक म्हणजे आईवडील, जोडीदार आणि मुलं, एवढेच. मुदत त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही, पण नातेवाइकांची ही यादी इथे उचलू नका. तिच्यात भाऊसुद्धा नाही, मग साडू, व्याही, मेहुणा, चुलत-मामे भावंडं कुठून असणार! आणि पैशाची मर्यादा तर आमच्या अनुदानाहून मोठी निघेल. आम्ही रकमेची मर्यादाच ठेवलेली नाही, एक रुपयाही सांगायचा.

आमच्या अर्जात आता असे प्रश्न आहेत. तुमचे गाईड कोण, तुमचे पीएचडीचे विद्यार्थी कोण? गेल्या चार वर्षांत कोणाबरोबर शोधनिबंध, प्रकल्प किंवा पेटंट केलं? समितीतल्या कोणाशी रक्ताचं किंवा लग्नाचं नातं आहे का? प्रयोग कोणाच्या बागेत, कोणाच्या होडीवर, कोणाच्या कारखान्यात होणार? यंत्रसामग्री आणि औषधं कोणाकडून घेणार? शेवटचे दोन प्रश्न मोठ्या शहरातल्या अर्जात सहसा दिसत नाहीत, आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त माहिती त्यांतूनच मिळते. प्रयोगाची कलमं परीक्षकाच्या सासऱ्यांच्या बागेत असतील, तर ते सहलेखकांच्या यादीत कसं दिसणार?

आणखी एक रकाना ठेवा : 'माझा प्रस्ताव पुढील व्यक्तींकडे पाठवू नये.' दोन नावांपर्यंत परवानगी द्या आणि कारण विचारू नका. ओळखीमुळे गुण वाढतात तसे वैरामुळे कमीही होतात. आपल्याकडे जुनी भांडणं कोणी लिहून देत नाही, नाव मात्र देतो. नावं दोनच घ्या, नाहीतर एखादा अर्जदार विषयातले सगळेच जाणकार बाद करून ठेवील.

परीक्षक शोधताना स्वतः बघा

स्वयंघोषणेवर विसंबू नका. लोक लबाड असतात म्हणून नव्हे, विसरतात म्हणून. दहा वर्षांपूर्वीच्या शेतकरी मेळाव्यातलं एका औषध कंपनीचं मानधन कोणाच्या लक्षात राहतं? शोधगंगा आणि कृषिकोश या दोन ऑनलाइन भांडारांत प्रबंध आणि गाईडचं नाव सापडतं. प्रबंध उघडला की आधी ऋणनिर्देशाचं पान वाचा. कोणाची प्रयोगशाळा वापरली, कोणी झाडं दिली, कोणाच्या घरी राहून फील्डवर्क केलं, हे तिथे मनापासून लिहिलेलं असतं. मग गूगल स्कॉलरवर दोन्ही नावं एकत्र टाकून शोधा. एका जोडीला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि ती वाचवण्यासारखी नाहीत.

त्यानंतर परीक्षकाला पत्र. प्रस्ताव सोबत जोडू नका. आधी फक्त शीर्षक, अर्जदार आणि सहअर्जदारांची नावं, संस्था आणि प्रयोगाची जागा. प्रस्ताव एकदा वाचला की दुसऱ्याची कल्पना त्याच्या डोक्यात गेली, ती परत काढता येत नाही. मी साधारण असं लिहिते :

'सर, खाली नमूद केलेल्या प्रस्तावावर आपलं मत हवं आहे. त्याआधी कृपया एवढं कळवावं : अर्जदार किंवा सहअर्जदार आपले विद्यार्थी, गाईड, सहलेखक, सहकारी वा नातेवाईक आहेत का? प्रयोगाच्या जागेशी, तिथल्या बागेशी, होडीशी वा उत्पादनाशी आपला किंवा घरच्यांचा संबंध आहे का? याच विषयावर आपला स्वतःचा प्रस्ताव कुठे विचाराधीन आहे का? मन मोकळं नाही असं वाटण्याजोगं दुसरं काही कारण आहे का? "हो" म्हटल्याने आपल्याबद्दल कोणताही गैरसमज होणार नाही. कुठल्या कामातून बाजूला व्हायचं, ते समितीच्या नियमाप्रमाणे मी कळवेन.'

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. आपल्याकडे 'संबंध आहे' असं लिहून देणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, असं ज्येष्ठ मंडळींना वाटतं. एक सर फोनवर जरा रागावूनच म्हणाले, "मॅडम, तो माझा विद्यार्थी आहे हे खरं, पण म्हणूनच तर त्याचं काम मला ठाऊक!" मी म्हटलं, "सर, तुम्हाला ठाऊक आहे ते आम्हाला माहिती म्हणून हवंच आहे, गुण मात्र दुसऱ्याकडून घेते." ते तयार झाले. याच्या उलट, काजूवाले एक सदस्य आहेत, वेंगुर्ल्याकडचे, पदवी नसलेले पण झाडाचं पान बघून रोग सांगणारे. नावांची यादी हातात पडल्या पडल्या ते म्हणाले, "ह्यात माझो भाचो आसा, मी भायर बसतंय." मला विचारावंही लागलं नाही.

कोणी कशातून बाजूला व्हायचं

इथे घाई नको, कारण सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात. प्रचलित पद्धत अशी, की ज्याचा संबंध आहे तो त्या एका प्रस्तावाला गुण देत नाही आणि बाकी सगळं करतो. ही पद्धत अपुरी आहे, आणि तसं म्हणायला माझ्याकडे दोन आधार आहेत.

पहिला स्वीडनचा. क्रिस्टीन वेनेरोस आणि ॲग्नेस वोल्ड या दोन संशोधिकांनी तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९५ मधल्या पाठ्यवृत्त्यांचे गुण तपासले आणि १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष छापले. अर्जदार ११४, पाठ्यवृत्त्या २०. समितीतल्या कोणाशी संबंध असलेल्या अर्जदारांना त्यांच्या कामाच्या मानाने जास्त गुण पडले होते. बायकांना पुरुषांइतकेच गुण मिळवायला कितीतरी जास्त काम दाखवावं लागत होतं, तो भाग वेगळा आणि तितकाच गंभीर. पण नियमाप्रमाणे संबंधित सदस्य आपल्या माणसाला गुण देतच नव्हता! गुण वाढवले होते ते उरलेल्या, 'तटस्थ' सदस्यांनी. सहकाऱ्याचा विद्यार्थी म्हणून त्यांचा हात सैल झाला होता. २००४ च्या अर्जांवर दुसऱ्या दोन संशोधकांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हाही ओळखीच्या अर्जदारांना सुमारे १५ टक्के झुकतं माप मिळत असल्याचं दिसलं.

दुसरा आधार आपल्याच सर्वोच्च न्यायालयाचा. १९६९ मधला ए. के. क्राइपाक विरुद्ध भारत सरकार हा खटला. भारतीय वनसेवेसाठी जम्मू-काश्मीरमधल्या अधिकाऱ्यांची निवड करायची होती. निवड मंडळावर तिथले हंगामी मुख्य वनसंरक्षक होते आणि ते स्वतःही उमेदवार होते. स्वतःच्या नावाच्या वेळी ते बैठकीत बसले नाहीत, प्रतिस्पर्ध्यांच्या नावांच्या वेळी बसले. यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर लागलं. न्यायालयाने ती निवड रद्द केली. पुढे १९८४ मध्ये ओडिशातल्या जे. मोहपात्रा खटल्यात शाळांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या समितीत लेखकच बसले होते. आपलं पुस्तक आलं की बाहेर जाणं तिथेही पुरेसं ठरलं नाही. तुम्ही माझं घ्या, मी तुमचं घेतो, अशी देवाणघेवाण बाहेर जाऊनही होऊ शकते, हे न्यायालयाने ओळखलं.

या दोन्हींवरून आमची पद्धत बेतली आहे. स्वतः अर्जदार किंवा सहअर्जदार असेल, अथवा घरातलं माणूस अर्जदार असेल, तर त्या फेरीत तो सदस्य समितीवर नाहीच. पूर्ण फेरी बाहेर. गाईड, विद्यार्थी, चार वर्षांतला सहलेखक, चुलत-मामे नातं, बागेचा किंवा धंद्याचा संबंध असेल, तर ज्या गटात तो प्रस्ताव स्पर्धेत आहे त्या सगळ्या गटातून बाहेर. म्हणजे आंब्याच्या एका प्रस्तावाशी संबंध असेल तर आंबा-काजूचे सगळेच प्रस्ताव सोडायचे, मासळीचे बघायचे. नुसता एका विद्यापीठाचा, एका तालुक्याचा, एका परिषदेत भेटल्याचा संबंध असेल, तर सांगायचं, नोंदवायचं आणि बसायचं. साप साप म्हणून भुई धोपटत बसलं की चांगली माणसं समितीवर यायचं बंद करतात.

बैठकीच्या दिवशीचं बरंचसं लक्ष बारीकसारीक गोष्टींत जातं. विषयपत्रिका गटवार लावा, म्हणजे बाहेर जाणाऱ्याला एकदाच उठावं लागेल. बाहेर म्हणजे खोलीच्या बाहेर. खुर्ची मागे सरकवून गप्प बसलेला ज्येष्ठ सदस्य नुसत्या चेहऱ्याने बरंच सांगून जातो. त्याने आधीच पाठवलेले गुण त्या गटाच्या तक्त्यात घेऊ नका आणि तक्ताही त्याला दाखवू नका. उरलेल्या सदस्यांनी चर्चेआधी गुण लिहून माझ्याकडे द्यायचे, चर्चेनंतर बदलले तर कारण लिहायचं. स्वीडनमध्ये जे झालं त्यावर मला सापडलेला हा एकच व्यवहार्य उपाय आहे : कोणाचा माणूस आहे हे खोलीत कळण्याआधी गुण कागदावर हवेत. म्हणून कोण कशासाठी बाहेर गेलं, तेही मी त्या वेळी मोठ्याने सांगत नाही. 'या गटासाठी अमुक सदस्य बसणार नाहीत' एवढंच. कारण फक्त अध्यक्षांकडे आणि नोंदवहीत.

पावसाळ्यात बैठक ऑनलाइन असेल तर संबंधित सदस्याला वेटिंग रूममध्ये ठेवा, नुसता आवाज बंद करून चालणार नाही. आमच्याकडे वीज जाते, माणसं पुन्हा पुन्हा आत येतात; प्रत्येक वेळी आत घेणारा माणूस एकच हवा आणि त्याच्यासमोर यादी हवी. बैठकीच्या आदल्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण कोणा सदस्याच्या घरी असेल, तर तेही मोडा. वाईट वाटतं, पण खाल्ल्या मिठाला जागण्याची आपली सवय खोल आहे.

पैसा, होडी आणि बाजू

नात्यांपलीकडचे हितसंबंध ओळखायला कठीण. मिरकरवाड्याच्या बंदरात ज्याच्या घरच्यांची पर्ससीन (मासळीचा थवा वेढून ओढणाऱ्या मोठ्या जाळ्याची) नौका आहे, त्याने पर्ससीन जाळ्यात सापडणाऱ्या लहान मासळीच्या अभ्यासाला गुण द्यावेत का? माझं उत्तर नाही. आणि पारंपरिक मच्छीमारांच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यालाही तेच उत्तर. राज्य सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणल्यापासून या विषयाला दोन ठाम बाजू आहेत, आणि दोन्हीकडची माणसं प्रामाणिक असूनही त्या प्रस्तावापुरती ती पक्षकार ठरतात. औषध कंपनीचा सल्लागार, रोपवाटिकेचा मालक, काजू कारखान्याचा भागीदार यांनाही हाच नियम. एखाद्याने वर्तमानपत्रात किंवा सभेत एका प्रकल्पाच्या बाजूने वा विरोधात जाहीर भूमिका घेतली असेल, तर त्या प्रकल्पाच्या परिसरातल्या अभ्यासाला त्याच्याकडून गुण घेऊ नका.

'दुसरं माणूसच नाही'

हे वाक्य दर वर्षी ऐकू येतं. मोहपात्रा खटल्यातही असाच बचाव झाला होता, की या माणसांशिवाय गत्यंतर नव्हतं. न्यायालयाने तो मानला नाही, कारण लेखक नसलेली माणसं नेमता आली असती. आपल्यालाही येतात. काजूसाठी कर्नाटकात पुत्तूरला काजू संशोधन संचालनालय आहे, नारळ-सुपारीसाठी कासरगोडची केंद्रीय संस्था, आंब्यासाठी लखनौची उपोष्ण फळांची संस्था, सागरी मासळीसाठी कोचीची केंद्रीय संस्था, खाडी आणि समुद्रासाठी गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था. पत्र लिहिलं तर उत्तरं येतात. अर्ज मराठीत असेल तर दोन पानी इंग्रजी सारांश अर्जदाराकडूनच घ्या. भाषांतर आपण केलं तर आपला कल त्यात उतरतो.

एक अडचण मात्र उरते. लखनौच्या तज्ज्ञाला कातळावर सुरुंग लावून खड्डा करून लावलेलं कलम म्हणजे काय, हे माहीत नसतं. तो म्हणेल, झाडांमधलं अंतर चुकलं, मातीची खोली चुकली. यासाठी आम्ही स्थानिक जाणकाराकडून वेगळी टिपण मागवतो. त्यात फक्त वस्तुस्थिती : ही जमीन कशी असते, हा हंगाम कधी येतो, एवढ्या मजुरीत माणूस मिळेल का. गुण नाहीत, शिफारस नाही, आणि त्याचा काही संबंध असेल तर तोही टिपणीच्या पहिल्या ओळीत. बाहेरचा परीक्षक ही टिपण वाचून गुण देतो. नात्यातल्या माणसाचं ज्ञान वाया न घालवता त्याला मतापासून दूर ठेवण्याचा याहून बरा मार्ग मला माहीत नाही.

सचिव आणि नोंदी

परीक्षक निवडतो तो माणूस सगळ्यात मोकळा सुटतो. कडक परीक्षक कोण आणि सैल कोण, हे मला माहीत असतं. कोणता प्रस्ताव कोणाकडे पाठवायचा एवढ्यानेच मी निकाल फिरवू शकते. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या हितसंबंध धोरणात परीक्षक, समिती सदस्य आणि अर्जदारांबरोबर विभागाचे अधिकारीही येतात, ते योग्यच आहे. माझीही घोषणा दर फेरीला अध्यक्षांकडे जाते, आणि माझ्या माहेरच्या किंवा सासरच्या माणसाचा अर्ज आला तर त्या गटाचे परीक्षक अध्यक्ष निवडतात.

इतिवृत्तात एवढं तरी हवं : 'गट २ (फळपिके). सदस्य क्र. ४ व ६ यांनी संबंध जाहीर केला (नोंद स्वतंत्र पाकिटात). चर्चा सुरू होण्यापूर्वी दोघे बाहेर गेले, ११.२०. गणपूर्ती तपासली, पुरेशी. गट संपल्यावर परत आले, १२.४५. त्यांचे गुण हिशेबात घेतलेले नाहीत.' वेळ लिहाच. सार्वजनिक पैसा असेल, तर माहितीच्या अधिकारात कोणी विचारलं की हीच वाक्यं समितीला आणि अनुदान मिळालेल्या निरपराध अर्जदाराला वाचवतात.

निकालानंतर संबंध उघड झाला तर? आधी त्या परीक्षकाशी बोला. बहुतेक वेळा सहअर्जदाराचं नाव नंतर जोडलेलं असतं आणि त्याला कळलेलंच नसतं. मग त्या परीक्षकाने गुण दिलेल्या, त्याच गटातल्या सगळ्या प्रस्तावांतून त्याचे गुण काढा आणि क्रम पुन्हा लावा. क्रम बदलला नाही तर तसं नोंदवून पुढे जा. बदलला तर त्या गटापुरता नवा परीक्षक नेमा आणि पैसे वाटायचे थांबवा, अर्जदारांना उशिराचं कारण लेखी कळवा. मुद्दाम लपवलेलं निघालं तर त्या व्यक्तीला पुढच्या फेऱ्यांसाठी बोलावू नका, कितीही मोठं नाव असलं तरी. हे पत्र अध्यक्षांच्या सहीने जाऊ द्या आणि एक प्रत फाइलला लावा, कारण तीन वर्षांनी समिती बदलते आणि नवे सदस्य तेच नाव पुन्हा सुचवतात.